वन आना, 1818 : गिरगावातल्या एका डब्याचं प्रकरण

गिरगावातली एक चाळ पुनर्विकासाला गेली. तिसऱ्या मजल्यावरचं बिऱ्हाड रिकामं करताना माळ्यावर बिस्किटांचा गंजलेला पत्र्याचा डबा सापडला आणि त्यात जुनी नाणी निघाली. घर माझ्या शाळासोबत्याचं. तो आता नोकरीनिमित्त बाहेर असतो, इथे त्याची आई आणि धाकटा भाऊ. धाकट्याने त्याच रात्री फोटो काढून कुठल्याशा ग्रुपवर टाकले आणि तिसऱ्या दिवशी एक माणूस दारात हजर झाला. मी पोचलो नवव्या दिवशी. तोवर ‘बुकिंग’चे 5,000 रुपये गेले होते आणि ‘टेस्टिंग’साठी आणखी 45,000 काढायला काकू बँकेत जायच्या बेतात होत्या.

मी जुनी नाणी जमवतो, म्हणून असे फोन मला बरेचदा येतात. फोटो बघून ‘खोटं आहे हो’ एवढं सांगितलं की समोरचा हिरमुसतो, मीही फोन ठेवतो, आणि नंतर मन खात राहतं. कारण ‘खोटं’ या एका शब्दात आपण निरनिराळ्या वस्तू कोंबतो. बाजारात चालवायला केलेलं बनावट नाणं, व्यापाऱ्याने सुट्ट्या पैशांची चणचण भागवायला पाडलेलं टोकन, जत्रेत विकायला केलेला देवाचा छाप, संग्राहकाला फसवायला केलेली प्रतिकृती : या साऱ्यांची जात वेगळी आहे. या डब्यात त्यातल्या दोन जाती शेजारी शेजारी होत्या, म्हणून हे प्रकरण सगळं लिहून काढतो आहे.

डब्यात काय होतं

एकूण 23 नगं. बरीचशी सहाव्या जॉर्जच्या काळातली, त्यात भोकाचे पैसे सहा. ती कुणाच्याही घरात निघतात, त्यांवर वेळ घालवला नाही. एक दुदांडी शिवराई, म्हणजे मराठेशाहीतला तांब्याचा पैसा, चांगली झिजलेली, एका बाजूला ‘श्री राजा शिव’मधलं ‘राजा’ तेवढं धड दिसत होतं. एक 1835 चा पाव आणा. आणि दोन नगं अशी, जी कुठल्याच सरकारने पाडलेली नव्हती.

पहिलं म्हणजे ज्याच्यासाठी माणूस दारात आला होता ते. तांब्याचं, मोठं, जाड. एका बाजूला सिंहासनावर राम-सीता, बाजूला लक्ष्मण, पायाशी हात जोडलेला मारुती. दुसऱ्या बाजूला इंग्रजी अक्षरांत कडेने ‘ईस्ट इंडिया कंपनी’, मध्ये ‘यूकेएल वन आना’, खाली 1818. दुसरं अगदी लहान, हिरवट किटण चढलेलं. त्यावर कोंबडा होता. दलालाने ते बोटाने बाजूला सारून म्हटलं होतं, “हे टाकून द्या.”

दलालाची गोष्ट अशी : 1818 मध्ये पेशवाई बुडाली, तेव्हा मराठी रयतेला राजी करायला कंपनीने रामाचं नाणं काढलं. ते मोजकंच निघालं. त्यावर वीज पडली की तांब्यात ‘इरिडियम’ तयार होतं आणि मग नाणं तांदूळ ओढतं. परदेशातली पार्टी त्याला 2 कोटी द्यायला तयार आहे, फक्त आधी शास्त्रज्ञ येऊन तपासणी करणार, त्याचा खर्च घरमालकाने करायचा. त्याने स्वतःच्या लाकडी पेटीवर नाणं ठेवून, स्वतःच्या पुडीतले तांदूळ सोडून, दाणे नाण्याकडे सरकतानाही दाखवले होते. काकू मला म्हणाल्या, “अरे, डोळ्यांनी बघितलं मी. आणि नाण्यावर साक्षात राम आहे. खोटं कसं असेल?”

हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटला. त्याला खांदे उडवून उत्तर देण्यात अर्थ नव्हता.

तपासणी

मी खिशातला वजनकाटा, माप घ्यायचा व्हर्नियर, भिंग आणि एक साधं लोहचुंबक घेऊन जातो. आधी चुंबक लावलं. रामाचं नाणं ढिम्म हललं नाही, तांबं चुंबकाला चिकटत नाही. मग धाकट्याला विचारलं, त्या माणसाचे तांदूळ काही उरलेत का. टेबलाच्या फटीत पाच-सहा दाणे सापडले. ते चुंबकाला टपटप चिकटले. दाण्यांना लोखंडाचा कीस माखलेला होता आणि ओढणारं जे काही होतं ते पेटीत होतं. काकू काही वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग उठून त्यांनी घरच्या डब्यातले चार तांदूळ आणले आणि स्वतःच्या हाताने चुंबक लावून पाहिलं. ते हलले नाहीत.

फसवणूक इथेच उघडी पडली. पण नाण्याचा प्रश्न अजून सुटला नव्हता, कारण तांदूळ लबाड असले म्हणून नाणं आपोआप लबाड ठरत नाही.

यावर सर्रास केला जाणारा युक्तिवाद असा : ख्रिस्ती कंपनी हिंदू देव कशाला छापेल? हा युक्तिवाद मी कधीच वापरत नाही, कारण तो चूक आहे. मद्रासला कंपनीने सोन्याचे होन पाडले, त्यांवर विष्णू आहे. तीन देवतांच्या आकृती असलेले ‘तीन स्वामी’ होनही कंपनीचे आहेत. त्याच्याही आधी अकबराच्या अखेरच्या काळात धनुर्धारी राम आणि सीतेचं चित्र असलेलं नाणं निघालं. ज्याच्या मुलखात धंदा करायचा त्याच्या ओळखीचं नाणं पाडायचं, हा शहाणपणा कंपनीपाशी भरपूर होता. तेव्हा राम आहे म्हणून खोटं, असं म्हणता येत नाही.

खोटेपणा दुसऱ्या बाजूला आहे, आणि तो ‘वन आना’ या दोन शब्दांत आहे. ‘वन आना’ असं लिहिलेलं तांब्याचं नाणं कंपनीने कधी पाडलंच नाही. पुढे तिने सगळ्या मुलखासाठी एकसारखी नाणी काढली, त्यांतलंही तांबं अर्ध्या आण्यापर्यंत जाऊन थांबतं. आख्खा आणा नाण्याच्या रूपात आला तो सातव्या एडवर्डच्या काळात, 1907 मध्ये, आणि तोही तांबं-निकेलच्या मिश्रधातूचा, नागमोडी कडेचा. शिवाय 1818 मध्ये सगळ्या हिंदुस्थानात चालेल असं कंपनीचं एकसारखं नाणं नव्हतंच. मुंबई, मद्रास, बंगाल, जो तो इलाखा आपापली नाणी पाडत होता. मुंबई इलाख्यातल्या त्या काळच्या तांब्यावर एका बाजूला कंपनीची गाठोड्याची खूण आणि दुसरीकडे तराजू असे. तराजूच्या पारड्यांमध्ये फारसीत ‘अदल’ म्हणजे न्याय. सगळ्या इलाख्यांना मिळून एक नाणं आलं ते 1835 च्या कायद्याने.

आणि नेमका 1835 चा पाव आणा त्याच डब्यात होता! तो मी काकूंच्या हातात दिला. एका बाजूला ढाल, तिला धरून उभे दोन सिंह, खाली ब्रीदवाक्याची पट्टी. दुसऱ्या बाजूला पानांच्या माळेत ‘वन क्वार्टर आना’ आणि त्याखाली फारसीत ‘यक पाई’. कायद्याने ठरलेलं वजन 100 ग्रेन, म्हणजे 6.48 ग्रॅम. काट्यावर 6.31 भरला. नव्वद-शंभर वर्षं हातोहात फिरलेल्या पैशाची झीज ती एवढीच. याच हिशेबाने अर्धा आणा 200 ग्रेनचा, 12.95 ग्रॅम. मग एक आणा असता तर 400 ग्रेन, जवळजवळ 26 ग्रॅम हवा. रामाचं नाणं भरलं 11.42. ते कुठल्याच मापात बसत नव्हतं. ‘यूकेएल’ या अक्षरांना तर कंपनीच्या नाण्यांवर कुठेही जागा नाही.

भिंगाखाली झीजही बोलते. पाव आण्यावर सिंहांचे चेहरे आणि ढालीचा फुगीर भाग आधी गुळगुळीत झाला होता, खोलगट भागातली अक्षरं शाबूत होती. उंचवटे आधी झिजतात, हा हातांचा नियम आहे. रामाच्या नाण्यावर मात्र मुकुटाचं टोक आणि पायाजवळची जमीन सारख्याच बोथट होत्या. अशी सगळीकडे सारखी झीज हातांनी होत नाही. ती तेजाबात बुडवून किंवा तापवून आणलेली असते.

1616, 1717, 1818, 1839 अशा सालांची, राम, मारुती, कृष्ण, कमळ असे छाप असलेली ही कंपनीची म्हणवणारी नगं खाजगी कारागिरांनी पाडलेली आहेत. 1616 मध्ये कंपनी सुरतेला वखारीपुरती होती, पण साल टाकणाऱ्याला त्याची फिकीर नव्हती. देवळाबाहेर, जत्रेत, पूजेत ठेवायला म्हणून ती विकली गेली. घेणाऱ्याला देवाची मूर्ती हवी होती आणि तिला जुनेपणाचा भार हवा होता. तो भार ‘ईस्ट इंडिया कंपनी’ या तीन शब्दांनी आणला. पुढे दलालांनी तोच भार कोटींत मोजायला सुरुवात केली. ज्याने पहिल्यांदा तो साचा कोरला, त्याच्या डोक्यात फसवणूक होती असं मला वाटत नाही.

कोंबडा

मला खरं कुतूहल होतं लहान नगाचं. किटण मी खरवडलं नाही. तांबं खरवडलं की नाण्याची कातडी जाते आणि ती परत येत नाही. दोन दिवस गोडेतेलात बुडवून ठेवलं, मग मऊ फडक्याने टिपलं. कोंबडा नीट दिसायला लागला : शेपटीची पिसं वर फेकलेली, एक पाय पुढे, झुंजीचा पवित्रा. वर अरबी लिपीत काहीतरी. मागे तीन ओळी, शेवटची अंकांची. साधारण 21 मिलिमीटर रुंद, दोन ग्रॅमच्या थोडं वर.

मला अरबी अंक वाचता येतात : 1247. हिजरी 1247 म्हणजे 1831-32. अक्षरांसाठी मी भेंडी बाजारात एका वृद्ध बाइंडरकडे गेलो, ते उर्दू पुस्तकं बांधतात आणि मला वर्षानुवर्षं मदत करतात. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, नगं नाकाशी धरलं आणि म्हणाले, “तानह... मलायू. ये तो मलाया हुआ.” मागच्या बाजूला ‘सातू’ त्यांनी लगेच वाचलं. पुढच्या शब्दापाशी मात्र अडले. ‘काफ’ आहे, मग ‘फे’वर तीन नुक्ते, मग ‘ऐन’वर तीन नुक्ते. “हमारे यहाँ ऐसे हर्फ नहीं होते, भाई.” बरोबरच होतं. ती मलय भाषेसाठी वाढवलेली अक्षरं आहेत, पहिलं ‘प’साठी, दुसरं ‘ङ’साठी. शब्द होता ‘केपिंग’. तनाह मलायू, म्हणजे मलयांची भूमी. सातू केपिंग, म्हणजे एक केपिंग, तिकडचा तांब्याचा सुटा पैसा. सिंगापूरच्या व्यापाऱ्यांचं टोकन!

तिथल्या तिथे अंगावर काटा आला. हे नगं फार दुर्मीळ नाही, काही शे रुपयांत मिळू शकतं. पण गिरगावातल्या बिस्किटांच्या डब्यात, ज्याला टाकून द्यायला सांगितलं होतं ते हे निघावं, याचं मोल माझ्या लेखी वेगळं आहे.

त्याची कथा थोडक्यात मावणारी नाही. 1804 मध्ये कंपनीने सुमात्रा बेटावरच्या आपल्या ठाण्यासाठी तांब्याची नाणी पाडली. एका बाजूला कंपनीचं चिन्ह आणि ‘आयलंड ऑफ सुमात्रा’, दुसऱ्या बाजूला मलय भाषेत ‘केपिंग’ आणि हिजरी 1219. त्या मुलखात सुट्ट्या तांब्याची कायम ओढाताण. मिरी, सुपारी, मासळीचा किरकोळ व्यवहार सगळा तांब्यात चाले. 1819 मध्ये सिंगापूर वसलं, 1824 च्या तहाने सुमात्रा डचांकडे आणि मलाक्का इंग्रजांकडे अशी वाटणी झाली. बाजार मात्र वाटला गेला नाही. सिंगापूरच्या व्यापाऱ्यांनी हिशेब केला : बर्मिंगहॅमहून हलक्या तांब्याचे तुकडे स्वस्तात पाडून आणायचे आणि बेटाबेटांवर पैसा म्हणून खपवायचे. दर्शनी किंमत आणि धातूची किंमत यांतला फरक हाच नफा.

अडचण एकच. डच आपल्या बेटांवर परकं तांबं येऊ देत नसत. म्हणून व्यापाऱ्यांनी नाण्यांवर डचांचं नाव टाळलं, इंग्रजांचं टाळलं, स्वतःचंही टाळलं. ‘तनाह मलायू’ लिहिलं, ‘पुलाउ पर्चा’ म्हणजे सुमात्राचं जुनं मलय नाव लिहिलं, कुठे बुगी लोकांची भूमी, कुठे सियाक, पेराक, सेलांगोर, आचे. जणू तिथल्या सुलतानांनीच ती पाडलीत. मागची बाजू थेट कंपनीच्या केपिंगवरून उचलली : तीच रचना, तोच ‘केपिंग’ शब्द, तसंच हिजरी साल. एक प्रकार तर असा आहे की ‘आयलंड ऑफ सुमात्रा’च्या जागी ‘आयलंड ऑफ सुल्ताना’ लिहिलंय. घाईत बघणाऱ्याला फरक कळू नये, आणि कचेरीत उभं राहावं लागलं तर फरक दाखवता यावा.

माझ्या संग्रहाचा कणा अशीच नगं आहेत, म्हणून इथे थोडा रेंगाळतो. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये तांब्याच्या हाफपेनीची हुबेहूब नक्कल करणं मोठा गुन्हा होता. कारागिरांनी मग राजासारखाच चेहरा कोरला, पण ‘जॉर्जियस’ आणि ‘रेक्स’ या राजाच्या बिरुदांऐवजी लिहिलं ‘जॉर्ज रूल्स’. मागच्या बाजूला बसलेली ब्रिटानिया, म्हणजे स्त्रीरूपातलं ब्रिटन, तिच्याभोवती ‘ब्रिटानिया’च्या जागी ‘बॉनी गर्ल’. निरक्षर गिऱ्हाइकाला चित्र पुरेसं होतं आणि न्यायाधीशाला अक्षरं. अमेरिकेत यादवी युद्धात, 1862 नंतर, सुटे पैसे बाजारातून नाहीसे झाले तेव्हा दुकानदारांनी सेंटच्या मापाची तांब्याची टोकनं पाडली. त्यांतल्या काहींवर ठळक ‘वन सेंट’ आहे आणि त्याच्या डोक्यावर, भिंगानेच दिसेल इतक्या बारीक अक्षरांत, ‘नॉट’. एक सेंट नव्हे! 1864 मध्ये कायदा करून तिथल्या सरकारने हा खाजगी पैसा बंद केला.

हे सगळे तुकडे हातात घेतले की मी पहिल्यांदा मूळ नाण्यापासून ते कुठे सरकलंय ते बघतो. साम्य सगळ्यांत असतं, त्यावरून फारसं कळत नाही. करणाऱ्याला कशाची भीती होती, गिऱ्हाईक कोण होतं, त्याला काय वाचता येत होतं, हे फरकाच्या जागी सापडतं. कोंबड्याच्या नगावर व्यापाऱ्याचं नाव नाही, कारण त्याला डचांची भीती होती. रामाच्या नगावरचा ‘वन आना’ चुकला, कारण करणाऱ्याला भीती कुणाचीच नव्हती. 1818 चा आणा कसा असतो हे विचारणारं त्याच्या गिऱ्हाइकात कुणीच नव्हतं.

पंचवीसेक वर्षांपूर्वी चोरबाजारात, मटन स्ट्रीटवर, एका लॉटमधून मी चांगली नाणी निवडली आणि ‘खोटी’ म्हणून दहा-बारा नगं परत टोपलीत टाकली होती. त्यांत एक कोंबडा होता हे मला आजही स्पष्ट आठवतं. त्या वेळी मला वाटलं होतं, खेळण्यातला पैसा असेल. दलालाने काकूंना जे सांगितलं, तेच मी स्वतःला सांगितलं होतं.

डब्यात कोंबडा आला कुठून

काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या, “सासरे सांगायचे, त्यांचे वडील बोटीवर होते.” कोकणातून मुंबईच्या गोदीत आणि तिथून बोटीवर खलाशी म्हणून गेलेली माणसं आपल्याकडे घराघरांत आहेत. मग जुन्या फोटोंची पिशवी उघडली. त्यात एक फोटो : पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, मागे रंगवलेला पडदा. फोटोच्या पाठीवर स्टुडिओचा जांभळा शिक्का, पुसट, पण गावाचं नाव वाचता येत होतं. सिंगापूर. पणजोबांच्या काळापर्यंत ते टोकन केव्हाच चलनातून गेलेलं होतं. तेव्हा त्यांनी ते खर्चायला म्हणून जवळ ठेवलेलं नाही. कोंबडा आवडला असेल. आमच्या कोकणात झुंजीच्या कोंबड्यावर माणसं जीव टाकतात.

काकूंनी फोटो आणि नगं शेजारी ठेवलं आणि मला म्हणाल्या, “माझ्या सासऱ्यांनी हा डबा कुणाला हात लावू दिला नाही कधी. आम्हाला वाटायचं, आत काय सोनं आहे.”

पुढे काय केलं

पोलिसांकडे लेखी तक्रार दिली. सोबत चुंबकाला चिकटलेले दाणे कागदाच्या पुडीत, दलालाचे मेसेज आणि पैसे पाठवल्याची पावती. 5,000 परत आले नाहीत. धाकटा स्वतःवर फार चिडला होता, त्याला मी सांगितलं की पेटी, पुडी आणि पार्टी ही तिन्ही समोरच्याची असतील तर कुणीही गाफील राहू शकतो. आपला काटा आणि आपलं चुंबक टेबलावर आलं की अशी माणसं टेबल सोडतात. दलालाला त्याने पुन्हा फोन लावून ‘घरच्या तांदळावर दाखवा’ म्हटलं, तेव्हापासून तो नंबर बंद आहे.

एका शनिवारी दोघांना घेऊन फोर्टमधल्या रिझर्व्ह बँकेच्या नाणे संग्रहालयात गेलो. काचेच्या आडची इंग्रजी अमदानीतली नाणी त्यांनी आपल्या डोळ्यांनी बघावीत असं मला फार वाटत होतं. काकू प्रत्येक काचेपाशी थांबून एकच शोधत होत्या, तांब्याचा आणा. तो नव्हता. बाहेर पडून टाकसाळीच्या भिंतीवरून चालताना त्या म्हणाल्या, “म्हणजे आमचा राम इथे कधी छापलाच नाही.” मी म्हटलं, “इथे नाही, पण कुणीतरी हाताने साचा कोरलाय, काकू. मारुतीची बोटं बघा कशी जोडलीत.”

चाळ सोडायच्या आदल्या दिवशी आम्ही डबा नीट लावला. प्लॅस्टिकच्या पाकिटांऐवजी कागदी लखोटे, कारण काही प्लॅस्टिकमुळे तांब्यावर वर्षाभरात हिरवा चिकट थर चढतो. प्रत्येक लखोट्यावर मी पेन्सिलीने वजन, माप आणि ओळख लिहिली. पाव आण्यावर : ‘ईस्ट इंडिया कंपनी, 1835, 6.31 ग्रॅम, अस्सल.’ कोंबड्यावर : ‘सिंगापूरच्या व्यापाऱ्यांचं टोकन, तनाह मलायू, 1 केपिंग, हि. 1247. पणजोबा बोटीवरून घेऊन आले.’ रामाच्या लखोट्यावर ‘खाजगी छाप, विसावं शतक, 11.42 ग्रॅम’ एवढं लिहून झालं, पण नगं आत टाकायला हात पुढे केला तेव्हा काकूंनी ते आधीच उचललं होतं. देव बांधून ठेवलेल्या पितळी डब्यात, बाळकृष्णाच्या शेजारी, त्यांनी ते ठेवलं आणि लखोटा मात्र घडी करून त्याच्याखाली सरकवला.